चार याद्या आणि एक वही

पत्र थोडक्यात असं : लिहिणारी २९ वर्षांची, माहेर फोंडा तालुक्यात, नोकरी पणजीत. होणारा नवरा म्हापशाचा. सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही झाली आहे, लग्न मार्गशीर्षात देवळाच्या सभागृहात. त्यानंतर दोघं पर्वरीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये वेगळं बिऱ्हाड करणार. मित्रमैत्रिणी 'काय हवं ते सांग' म्हणून मागे लागल्या आहेत. तिची अ‍ॅमेझॉनवर एक विशलिस्ट आहे, त्याची फ्लिपकार्टवर. न्यू जर्सीच्या मावसबहिणीने हौसेने तिथल्या एका मोठ्या दुकानात दोघांच्या नावाने गिफ्ट रजिस्ट्री उघडली आहे. शिवाय डिचोलीची समई, मातीची भांडी अशा लिंक नसलेल्या वस्तूंचे फोटो फोनमध्ये पडून आहेत. हे सगळं एका जागी कसं आणायचं, म्हणजे तीन मिक्सर येणार नाहीत? आईचं म्हणणं, 'आहेर कुणी मागून घेतं का? लोक काय म्हणतील?' होणाऱ्या नणंदेने मात्र उत्साहाने एक गूगल शीट बनवली आहे (तिच्यात तिने 'फ्रिज, वॉशिंग मशीन : मुलीकडचे' अशा दोन ओळीही घातल्या आहेत, असं कंसात). पत्राचा शेवट : 'एखादं चांगलं अ‍ॅप सुचवाल का?'

बाय,

माझ्या लग्नात चार लेमन सेट आले होते. तिसरा उघडला तेव्हा आतल्या पुठ्ठ्यावर भलत्याच जोडप्याला दिलेल्या शुभेच्छा निघाल्या, म्हणजे तो आमच्याकडे येण्याआधी एक लग्न जेवून आला होता. चौथा अजून माळ्यावर आहे. तेव्हा तीन मिक्सरांची तुझी धास्ती मला मुळीच पोरकट वाटत नाही.

फक्त तुझा प्रश्न थोडा हलवून बघूया. चार याद्या एकत्र करणं एका संध्याकाळचं काम आहे. मेख पुढे आहे : 'ही वस्तू कुणीतरी घेतली' अशी काट कोण मारणार आणि कुठे मारणार?

आमच्या लग्नात सभागृहाच्या दाराशी टेबल टाकून माझा मामा बसला होता. समोर लांबट वही, लाल कापडी पुठ्ठ्याची. 'शिरोड्याचे काका, रु. ५१. आत्या, स्टीलचा डबा १. बँकेतले सगळे मिळून, घड्याळ १.' तीच वही लग्नाआधी उघडली की तिला रजिस्ट्री म्हणायचं. (गोव्यात रजिस्ट्री म्हटलं की मला आधी सब-रजिस्ट्रारचं ऑफिस आणि जमिनीचे कागद आठवतात, पण ते असो.) शिकागोच्या मार्शल फील्ड्स या दुकानाने १९२४ साली ही पद्धत सुरू केली असं मानतात. नवरी दुकानात जाऊन आपल्या पसंतीची भांडी नोंदवून येई, पाहुणा त्याच दुकानात येऊन विचारी, वस्तू विकली गेली की दुकानदार त्या ओळीवर काट मारी. दुकान एक, वही एक, पेन्सिलही एकाच्याच हातात, म्हणून ते चाललं.

तुझ्याकडे चार दुकानं आहेत आणि पेन्सिल कुणाच्याच हातात नाही.

विशलिस्ट आणि रजिस्ट्री यांत आपण गल्लत करतो. विशलिस्ट ही मुळात स्वतःसाठी काढलेली आठवण : हे आवडलं, पुढे कधीतरी घेऊ. किती नग हवेत, किती आले, कुणी घेतले हा हिशेब ठेवते ती रजिस्ट्री. वेगवेगळ्या दुकानांतल्या वस्तू एका यादीत आणणाऱ्या सेवा आहेत. परदेशात मायरजिस्ट्रीसारख्या सेवा लग्नासाठी वापरतात, बाळासाठी बेबीलिस्ट. ब्राउझरमध्ये त्यांचं एक बटण बसवायचं, कुठल्याही दुकानाच्या पानावर ते दाबलं की वस्तूचा फोटो, नाव, किंमत आणि लिंक तुझ्या यादीत येते. काही दुकानांची रजिस्ट्री तर जशीच्या तशी आत ओढून घेता येते, पण ही सोय बहुतेक तिकडच्या दुकानांपुरती.

आता पाहुण्याच्या बाजूने बघ. वास्कोचा तुझा काका लिंक दाबतो, दुकानाच्या साइटवर जातो, मिक्सर घेतो, पैसे भरतो, फोन खिशात टाकतो. त्या दुकानाला तुझ्या यादीची गंधवार्ता नसते. काकाने पुन्हा यादीवर येऊन 'मी घेतलं' हे बटण दाबायचं असतं, आणि काका येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच ओळीवर मडगावची मैत्रीण मिक्सर घेते. शिवाय बटणाने उचललेली किंमत त्या दिवसाची. दिवाळीच्या सेलमध्ये ती उतरते, सेल संपला की चढते, कधी माल संपतो, आणि तुझ्या यादीला यातलं काही कळेलच असं नाही.

म्हणून माझं उत्तर साधं आहे. अ‍ॅप शोधू नकोस. एक कोरी शीट घे (नणंदेची नको, का ते पुढे सांगते) आणि एक माणूस नेम.

शीट भरायला दोघं मिळून बसा. हे महत्त्वाचं, कारण तुमच्या याद्या वस्तूंच्या नावांनी वेगळ्या असल्या तरी गरजेने एकच असू शकतात. तुझ्या यादीत ७५० वॅटचा मिक्सर ग्राइंडर असेल, त्याच्या यादीत ज्यूसर मिक्सर, मावसबहिणीच्या रजिस्ट्रीत ब्लेंडर. यंत्राच्या लेखी या तीन वस्तू, पर्वरीच्या ओट्यावर जागा एकीलाच. आधी गरज लिहा : 'वाटण-घाटणासाठी एक'. मग त्यापुढे एकच मॉडेल, रंग, दुकान, त्या दिवशीची किंमत, किती नग. याच वेळी तुम्हाला कळेल की अर्ध्या वस्तू कुणालाच नको आहेत. रात्री अकरा वाजता फोन चाळताना विशलिस्टमध्ये टाकलेल्या गोष्टींचं असंच होतं.

यादी मोठ्या वस्तूंनी भरू नका. तीनशे रुपयांची किसणी आणि गाळणीही असू द्या, नारळ खवायची आदोळी असू द्या. पहिल्या पगारात आहेर करणाऱ्या तुझ्या ज्युनियर मुलीला तिच्या ऐपतीची ओळ सापडली पाहिजे. आणि मिळून घ्यायच्या दोनचार वस्तू निराळ्या दाखवा. ऑफिसच्या आठ जणांत मिळून एक चांगली गादी येते. पैसे त्यांच्यातल्याच एकाने यूपीआयवर गोळा करावेत. तुमचा स्वतःचा क्यूआर कोड यादीत नको, असं माझं मत. काहींना त्यात गैर वाटत नाही, मला वाटतं.

आता माणूस. तुमच्या दोघांपैकी कुणी नको, कारण कुणी काय घेतलं हे तुम्हाला आधी कळण्यात मजा नाही. एखादी मैत्रीण निवड, जी फोन उचलते आणि विसरत नाही. सगळ्यांना शीट फक्त बघता येईल अशी ठेव, बदलता येईल ती फक्त तिला. मी एका घरी शीट सगळ्यांना खुली ठेवल्याचा तमाशा पाहिला आहे : एका वडीलधाऱ्यांच्या अंगठ्याने फोनवर सहा ओळी उडवल्या आणि दोन दिवस सगळे एकमेकांकडे संशयाने बघत होते. पाहुण्यांनी मैत्रिणीला एवढाच मेसेज करायचा, 'कुकर मी घेते.' ती त्या ओळीपुढे 'ठरलं' लिहील. नाव नाही लिहायचं. नावं लिहिली की 'तिने दोन हजारांचं दिलं, मग मी…' हे सुरू होतं. नावांची नोंद तिच्याकडे निराळी असू दे, लग्नानंतर आभार मानायला लागेल.

आणखी एक. तुझ्या अ‍ॅमेझॉनच्या यादीची लिंक पाठवून मोकळी होणार असशील, तर आधी ती दुसऱ्याच्या फोनवर, तुझं लॉगिन नसताना उघडून बघ. यादी खाजगी ठेवली असेल तर समोरच्याला काहीच दिसत नाही, आणि तो संकोचाने तुला सांगतही नाही. मुकाट्याने घड्याळ आणतो.

डिचोलीच्या समईचं काय, तिला तर लिंक नाही. मला वाटतं तुझ्या चार याद्यांत तीच सगळ्यात सोपी. फोटो, दुकानाचं नाव, फोन नंबर शीटमध्ये टाक आणि एकदा स्वतः जाऊन ये. गेल्या वर्षी भाचीसाठी मी अशीच गेले होते. दुकानदाराने समया वजनकाट्यावर ठेवून दाखवल्या, पितळेचा भाव सांगितला, आणि मी 'आमच्यापैकी कुणीतरी घ्यायला येईल' म्हटल्यावर कॅलेंडरचं पान फाडून त्याच्या पाठीवर लिहिलं. 'बाय, नांव सांग, हांव बरोवन दवरतां.' म्हणजे, लिहून ठेवतो. पंधरा दिवसांनी दुसरी भाची तीच समई घ्यायला गेली, तर तो म्हणाला, ती गेली, तुम्ही तेल घालायची पितळी बुधली न्या. ही रजिस्ट्रीच झाली की. शिकागोच्या दुकानाने यापेक्षा वेगळं काही केलं नव्हतं.

न्यू जर्सीची यादी मात्र बंद करायला सांग. मावसबहीण दुखावणार नाही अशा बेताने, पण सांग. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिथला ब्लेंडर आणून इथल्या प्लगमध्ये नुसता अ‍ॅडॉप्टर लावून चालवलास तर पहिल्याच वाटणात जळका वास येईल. त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो, जो ओट्याखाली कायमचा पायात येत राहतो. पार्सलने काही पाठवायचं तर पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना सीमाशुल्कात सूट होती. डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर ती सूट गेली. म्हणजे भेट तिची आणि दारात कर भरायचा तू. त्यापेक्षा तिने तुमच्या शीटमधली एखादी वस्तू इथल्या साइटवरून थेट पर्वरीला पाठवावी. नाहीतर लग्नासाठी मोपाच्या विमानतळावर उतरेल तेव्हा बॅगेतून येण्यासारखं, वीज न लागणारं काही आणावं. तिथल्या दुकानाच्या यादीतून असं काय घेता येईल हे तीच ठरवू दे. तिची हौस तेवढी राहू दे.

आता आईकडे येते. 'आहेर मागून घेतात का' हे तिचं वाक्य तू मला तक्रार म्हणून लिहिलंस. मला त्यात तथ्य दिसतं. तुझ्या मनात एक गृहीत आहे की यादी केली म्हणजे ती लग्नाला येणाऱ्या सगळ्यांकडे गेली पाहिजे. कशाला? देवळाच्या सभागृहात पाचशे पानं उठतील. त्यातल्या बहुतेकांचा आहेर तुझ्या यादीने ठरणारच नाही, तो तुझ्या आईच्या वहीने ठरणार आहे. तिने वीस वर्षं कुणाच्या मुंजीला काय, कुणाच्या बारशाला किती हे लिहून ठेवलं असेल, आणि समोरच्यांनीही ठेवलं असेल. पाकिटातल्या त्या पाचशे एक रुपयांना मागचापुढचा संदर्भ आहे. तिथे तू लिंक पाठवलीस तर ते आईला मागणं वाटणार, आणि समोरच्यालाही वाटेल.

यादी त्यांच्यासाठी ज्यांनी विचारलं. मोज, किती निघतात. माझ्या अंदाजाने तीसच्या आत. ऑफिसचे, कॉलेजचे, चुलत-मावस भावंडांतले समवयस्क. एवढ्यांसाठी अ‍ॅप कशाला लागतं? पत्रिकेवर लिंक छापायची नाही, वर्तमानपत्रातल्या निमंत्रणात तर नाहीच. आणि पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापून मागाहून व्हॉट्सअ‍ॅपवर यादी फिरवू नका. दोन्हीपैकी एक ठरवा. आईला हे असं सांगून बघ : 'तुझ्या वहीतल्या माणसांना मी हात लावत नाही, माझ्या तीस जणांचं मी बघते.' ती नरमेल असं मला वाटतं.

आता ते कंसातलं.

'फ्रिज, वॉशिंग मशीन : मुलीकडचे.' पत्रात तू ते ज्या सहजपणे टाकलंस त्यावरून दोन शक्यता दिसतात. एक, तुला त्यात खरंच काही खटकलं नाही. दोन, खटकलं, आणि मी विचारते का ते बघायचं होतं. माझा कल दुसरीकडे आहे.

नणंदेला मी वाईट ठरवत नाही. बहुतेक तिच्या डोक्यात कामवाटप असेल : हे हे आणतील, ते ते आणतील. पण आपल्याकडे हुंडा नाही असं गोव्यात आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, आणि अशा गोष्टी 'हौस', 'रीत', 'संसाराला लागतंच' या नावांनी मागच्या दाराने येतात. आता तर शीटच्या ओळीने येऊ लागल्या. मित्राने 'काय हवं' विचारलं आणि तू 'कुकर' म्हणालीस, ही भेट. मुलाकडच्याने कागदावर मुलीच्या आईवडिलांच्या नावाने फ्रिज लिहिला, ही मागणी, मग ती कितीही गोड फॉन्टमध्ये असो. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा. त्यात सरळ किंवा आडून हुंडा मागणं हाच गुन्हा आहे, द्यायची-घ्यायची वेळ यावी लागत नाही. न मागता दिलेल्या भेटी चालतात, पण त्यांची नोंद हवी, आणि मुलीकडून येणाऱ्या भेटी रिवाजाला धरून, देणाऱ्याच्या ऐपतीबाहेर नसतील अशा. या नोंदीचे नियम २ ऑक्टोबर १९८५ पासून लागू आहेत : वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची, वराची वराने. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असेल तर नातं. खाली दोघांच्याही सह्या. लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरात लवकर.

म्हणजे, बघ, मामाच्या लाल वहीसारखी वही कायद्यानेच सांगितली आहे. किती घरांत ती खरोखर लिहितात? माझ्या ओळखीत मला एक सापडलं. तुम्ही दुसरं व्हा. आईला सांग, ही वही तुझ्या हातची हवी. मागच्या आहेरांचा तिचा हिशेब आणि हा हिशेब एकाच अक्षरात राहील.

त्या दोन ओळी नणंदेच्या शीटमधून काढायला हव्यात, आणि त्या होणाऱ्या नवऱ्याने काढायच्या, तू नाही. त्याने बहिणीला फोन करून एवढंच म्हणावं, 'फ्रिज आणि मशीन आम्ही दोघं हप्त्यावर घेतोय, त्या ओळी मी काढल्या.' भांडण नको, व्याख्यान नको. तुमच्या कोऱ्या शीटमध्ये त्या येणारच नाहीत, पण जुनी शीट कुणाच्या तरी फोनमध्ये उघडी राहील आणि साखरपुड्याच्या गप्पांत कुणीतरी ती तुझ्या वडिलांसमोर धरील. म्हणून त्या ओळी तिथूनच गेल्या पाहिजेत, नवी यादी एकाही माणसाला पाठवण्याआधी. तो हे करायला कां-कूं करू लागला, तर मला परत पत्र लिही. ते पत्र भेटवस्तूंबद्दल नसेल.

या महिन्यात बारसं आणि वास्तुशांतीसाठी अशीच यादी करावी का, असं विचारणारी आणखी दोन पत्रं आली आहेत. त्यांना वरचं सगळं लागू आहे. एक फरक ध्यानात ठेवा : लग्नानिमित्त मिळालेल्या भेटींवर प्राप्तिकर नाही. इतर प्रसंगी नातेवाईक सोडून बाकीच्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर ती सगळी उत्पन्नात धरली जाते. सख्खे मामा, मावशी, आत्या, काका हे कायद्याच्या हिशेबाने नातेवाईकच, मित्र मात्र नातेवाईक नव्हेत. झबल्या-टोपड्यांनी कुणी एवढी मजल गाठत नाही, पण वास्तुशांतीच्या पाकिटांत गाठू शकतं.

शेवटी खोक्यांबद्दल, कारण हे कुणीच आधी सांगत नाही. पत्ता पर्वरीचा दे, सभागृहाचा नको. लग्नाच्या गडबडीत जड खोकी कुणी उचलायची आणि कुणाच्या गाडीत? पत्त्यासोबत अशा माणसाचा नंबर दे जो दिवसा फोन उचलतो आणि वाट सांगू शकतो. 'क्रॉसाच्या पुढे डावीकडे, आंब्याकडून आत' हे कुठल्याही अ‍ॅपला कळत नाही, डिलिव्हरीवाल्या पोराला फोनवर लगेच कळतं. आणि खोकं आलं की त्याच दिवशी उघडा. आपल्याकडे लग्नाआधी आलेलं बंद ठेवायची हौस असते. पण बऱ्याच वस्तू परत करायची किंवा बदलून घ्यायची मुदत जेमतेम सात-दहा दिवसांची असते, आणि ती वस्तू पोचल्या दिवसापासून धावते, तुझ्या मुहूर्तापासून नव्हे. पाहुण्याने दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला डिनर सेट तू मार्गशीर्षात उघडलास आणि दोन ताटल्यांना तडा निघाला, तर त्या ताटल्या तुझ्या. फ्लॅटची चावी त्या शीट सांभाळणाऱ्या मैत्रिणीकडे देऊन ठेव. उघडायचं, प्लग लावून बघायचं, बिलाचा फोटो काढून ठेवायचा आणि खोकं पुन्हा नीट बंद करायचं, एवढं तिने केलं की पुरे. तिच्या आहेराची अपेक्षा मात्र मग ठेवू नकोस.